ताईचा सात दिवसांचा आवाज

ताई,

श्वेता माझ्याशी अजून पहिल्यासारखी बोलत नाही, हे आधी सांगून टाकते. जेवलीस का विचारलं तर 'हो' म्हणते, तेवढंच. तू असतीस तर मावशी-भाचीला एका ताटात बसवलं असतंस आणि वर दोघींना चार शब्द सुनावले असतेस. पण आमचं बिनसलंय तेच मुळी तुझ्यावरून, आणि तुझ्या लेकीचं फार चुकतंय असंही मला म्हणवत नाही. तुझ्या त्या शेवटच्या व्हॉइस मेसेजचं मी काय करायचं, एवढं मात्र तू सांगून गेली नाहीस. बाकी सुकट आणू नको इथपर्यंत सगळं सांगून गेलीस.

परवा रविवारी, पाचव्या दिवशी, तुझं जलदान झालं. विहारापुढच्या मांडवात खुर्च्या पुरल्या नाहीत. आपली माणसं होतीच, पण कोळीवाड्यातल्या बाया आल्या, मोहल्ल्यातल्या आल्या, पलीकडच्या आगरदांड्याहून फेरीबोटीने दोघी-तिघी आल्या. तुझ्याविषयी दोन शब्द बोला म्हटलं की एकेक उठायची, माईकपाशी जायची आणि तिथे गप्प व्हायची. एक म्हणाली, "नर्सबायनी माजी तिन्ही पोरां हातावर घेतली," आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. दुसरी नुसतीच हात जोडून उभी राहिली. आधी मला वाटलं, लाजताहेत. मग लक्षात आलं की तुझ्याविषयी त्यांना जे सांगायचं होतं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच.

ते सगळं त्यांनी तुला फोनवर सांगितलं होतं, आणि ते फोनमधून पुसलंही गेलं होतं.

ते ॲप तुझ्या फोनवर मीच घालून दिलं होतं, आठवतं? तुझ्या ओट्यावर बसून मी तुला शाळेतल्या पोरांना शिकवते तसं शिकवत होते. मेसेज तुझ्या फोनमध्येच कुलूपबंद होतो, चावी फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते, मधल्या कंपनीलासुद्धा ऐकता येत नाही. मला वाटलं, तू चकित होशील. तू तांदूळ निवडत होतीस, मान वर न करता विचारलंस, "नि समोरचीचा फोन कुनाच्या हातात असतो?" मी म्हटलं, तिच्याच की. तू हसलीस. "वाटेवर कुलूप हाय गो. घरात कुठं हाय?"

शाळेच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकीचा फोन आपापल्या पर्समध्ये असतो, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुझ्या उपकेंद्राच्या गावांत फोन टीव्हीशेजारच्या फळीवर असतो आणि घरातल्या सगळ्यांचा असतो. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, घागरीतलं पाणी घ्यावं तसं. अशाच एका घरातल्या सुनेने तुला आवाजात निरोप पाठवला होता, इतक्यात तिसरं नको, सुई द्याल का. तू उत्तर दिलंस, बुधवारी ये. काही दिवसांनी नणंदेने गाणं शोधता शोधता ते उत्तर लावलं आणि तुझा आवाज त्यांच्या पडवीभर घुमला. पुढचं रामायण तू मला सांगितलंस ते एवढंच, की तुला अंगणात उभं करून विचारलं गेलं आणि ती पोर दाराआड उभी होती. तू त्या अंगणात काय बोललीस, ते मला कधीच सांगितलं नाहीस. मी खोदून खोदून विचारलं तरी नाही.

त्या दिवसापासून तू प्रत्येक चॅटला तो टायमर लावलास. मेसेज आपोआप नाहीसा होणारा. चोवीस तास, सात दिवस की नव्वद दिवस, असं ते ॲप विचारतं. मी म्हटलं, एवढी भीती आहे तर चोवीस तास लाव. त्यावर तू मला वेड्यात काढलंस. "जिच्या फोनला चार्जिंग न्हाय, रेंज न्हाय, तिनं कधी ऐकायचं? आठवडाभरात एकदा तरी ती घरात एकटी असते." म्हणून सात दिवस.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण तू तो टायमर माझ्याही चॅटला लावलास! सख्ख्या बहिणीला! मी कशी आहे तुला माहीत आहे, मला काही टाकवत नाही. आईच्या बांगड्यांची फुटकी काचसुद्धा माझ्या कपाटात आहे. तू बोलायचीस, मी ऐकायचे, पुन्हा ऐकीन म्हणायचे आणि आठवड्याने तिथे काही नसायचं. तुझं 'शेवटचं पाहिलं' बंद, निळ्या खुणा बंद. म्हणून मी तुला कधी लिहून पाठवलं नाही, मुद्दाम बोलूनच पाठवायचे. बाकी सगळं लपवता येतं, पण आवाज ऐकला की तो छोटा माईक निळा होतोच, ते काही बंद करता येत नाही. तो निळा झाला की मी डब्याच्या सुट्टीत गालात हसायचे. माझी ही युक्ती तुझ्या कधी लक्षात आली होती का ग?

आणि मग मला ते 'ठेवा' सापडलं. नाहीशा होणाऱ्या चॅटमधला एखादा मेसेज बोटाने दाबून धरला की तो ठेवून घेता येतो. पहिल्यांदा मी ठेवला तो तुझा सुकटीच्या कालवणाचा मेसेज, आई करायची तसं, कैरी कधी घालायची ते सांगणारा. काय आनंद झाला होता मला! पण त्या ॲपवाल्यांनीही मोठी गंमत करून ठेवली आहे. ज्याने मेसेज पाठवला त्याच्या फोनवर लगेच कळतं की समोरचीने हा ठेवला, आणि त्याला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. तो नाही म्हणाला की संपलं, मग पुन्हा कुणाला ठेवता येत नाही. बोलणाऱ्याचा शब्द शेवटचा. तू लगेच नकार दिलास. मी फोन करून भांडले तर म्हणालीस, "विसरलीस तर परत इचार. मी हाय ना."

त्यानंतर मी हट्टाने ठेवत राहिले आणि तू नाकारत राहिलीस. लसीकरणाला बसलेली असायचीस, कुठल्या वाडीच्या चढावर असायचीस, तरी तुझा नकार यायचाच. आपला तो खेळच झाला होता. मला राग यायचा, पण खरं सांगू, तुझा नकार आला की तू धडधाकट आहेस आणि फोन तुझ्या हातात आहे, एवढं मला कळायचं.

मागच्या खेपेला फेरीबोटीवर आपलं चांगलंच जुंपलं. तू कठड्याला टेकून उभी होतीस, ओढणी कानाला गुंडाळलेली. मी म्हटलं, तुझ्या बायांचं ठीक आहे, माझ्या-तुझ्यात कसलं गुपित? तू म्हणालीस, "त्यांना पुसते नि भनीचं ठेवते, असं करू? मग त्या कशाला इस्वास ठेवतील?" मी म्हटलं, त्यांना कुठे कळणार आहे? "मला कळंल ना." मग मी रडवेली होऊन म्हटलं की मी विसरते ग, वय झालं माझं. त्यावर तू जे म्हणालीस ते मला त्या दिवशी फार लागलं. "इसर की. इसरायला काय बंदी हाय?" मी उत्तर जुळवत होते, तोवर दिघीची जेट्टी आली, बोटीची फळी खाली आदळली, सगळ्या स्कूटरी एकदम सुरू झाल्या आणि आपलं भांडण त्या धुरात राहून गेलं. माझं उत्तर अजून माझ्यापाशीच आहे. आता ते तितकंसं बिनतोड वाटत नाही.

कारण माझंही एक तुझ्याकडे होतं. ज्या वर्षी मी घर सोडून निघायचं म्हणत होते, त्या पावसाळ्यात मी तुला रोज रडत रडत काय काय पाठवलं, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. माझ्या नवऱ्याविषयी, सासूविषयी, स्वतःविषयी. तू एकदाही 'असं बोलू नये' म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, "चहा पी आदी. मंग बोल." पुढे आमचं सावरलं. आज हा माणूस माझ्यासाठी सकाळी पाणी भरतो, आणि त्याच्याविषयी मी काय बोलले होते त्याचा या जगात कुठे मागमूस नाही. सात दिवसांनी ते सगळं गेलं तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं, हे तुला मी कधी म्हटलंच नाही. भांडायला मात्र पुढे होते. आज म्हणते, ताई. उशिराच म्हणते.

आता त्या शेवटच्या मेसेजचं. सोमवारी डब्याच्या सुट्टीत तो आला. मागे उपकेंद्राच्या नळाचं पाणी बादलीत पडतंय आणि तू बोलते आहेस: "बाय, ऐक गो. काल परत छातीत चमक आली. डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या दिल्यात, बुधवारी अलिबागला तपासायला बोलवलंय. तू रडारड करू नको. नि श्वेताला बोलू नको हां. आठवा लागलाय तिला, ऐकलं की उरणवरनं त्या खड्ड्यांतनं धावत येल. तिच्यापुरती मी ठणठणीत हाय. येताना सुकट आणू नको, घरात हाय." आणि मग हसलीस. बादली भरून वाहायला लागली म्हणून हसलीस की माझं तोंड कसं झालं असेल ते आठवून, कुणास ठाऊक.

मी लगेच फोन लावला. येते म्हटलं तर तू म्हणालीस, कशाला, बुधवारी अलिबागलाच भेट, थळवरनं तुला जवळ. "श्वेताला न्हाय ना सांगणार? शब्द दे." मी दिला. बुधवारी मी सकाळीच साडी नेसून तयार होते आणि भाऊजींचा फोन आला.

श्वेता आलीच, ताई. तुला नको होतं तेच झालं. त्याच खड्ड्यांतून, पोटाशी उशी धरून, जावयाने गाडी बैलगाडीसारखी हाकत आणली. ती बरी आहे, बाळही बरं आहे, तुझ्याच उपकेंद्रातल्या नव्या मुलीने तपासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वेता माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे आईचा एखादा व्हॉइस आहे का? माझ्याकडचे सगळे गेले."

तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकदम कळलं की तुझा आवाज कुठेच नाही. श्वेताशी तू हल्ली व्हिडिओ कॉलवरच बोलायचीस, त्याचं मागे काही उरत नाही. भाऊजींना तू कशाला आवाज पाठवशील, ते शेजारच्या खोलीत. श्वेताच्या लग्नाच्या व्हिडिओत तू दिसतेस, फुलं उधळतेस, कुणालातरी रागावतेस, पण शूटिंगवाल्याने वर गाणी चढवून ठेवली आहेत. नुसते ओठ हलताना दिसतात. आणि तुझ्या फोनला तू लावलेला आकडा तुझ्याबरोबर गेला. भाऊजी म्हणाले, "येवडा संसार केला, पन तो आकडा तिनं मला सांगितला न्हाय. बायांचं असतं त्यात, म्हनायची." तक्रारीसारखं म्हणाले, पण मला त्यात अभिमान ऐकू आला. फोन त्यांनी चार्जिंगवरून काढलेला नाही. बंद पडू द्यायचा नाही म्हणतात.

मी श्वेताला 'बघते' म्हटलं. बघायचं काय होतं? अख्ख्या जगात तुझा आवाज एकाच ठिकाणी होता, माझ्या फोनमध्ये, आणि त्यात तूच म्हणत होतीस की श्वेताला बोलू नको. आणि सोमवारी दुपारी तोही जाणार होता.

सभेची तयारी करणारे मंडळाचे काका म्हणाले, आवाज असेल तर द्या, कर्ण्यावर लावू, लोकांना बरं वाटेल. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा ते नाव काढेनात. माझ्या नवऱ्याने वेगळाच तोडगा काढला. मेसेज कापता येतो म्हणे, पुढचं मागचं काढून हसण्यापुरता ठेवू. त्याने तो कापून मला ऐकवलाही. ताई, नुसतं हसू ऐकलं तर ते तुझं वाटेना. कुणीतरी बाई उगाच हसतेय असं वाटलं. तो तुकडा मी पुसून टाकला.

तुझा शब्द मोडावा की तुझ्या लेकीला तिच्या आईच्या आवाजाशिवाय उरणला परत पाठवावं, हे मी चार दिवस मनात घोळवत होते. जेवण जात नव्हतं. तू गेल्याचं दुःखसुद्धा मला धड करता येत नव्हतं, इतकी मी त्या फोनमध्ये अडकले होते. शेवटी रविवारी सभा आटोपून पाहुणे गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. श्वेता भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, पावलं सुजलेली. मी फोन तिच्या हातात दिला. "पूर्ण ऐक," म्हटलं.

तिने ऐकला. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ऐकणं संपेपर्यंत नजर काढली नाही. मग म्हणाली, "तुला माहीत होतं."

"होतं."

"मंगळवारी तू मला फोन केला होतास. बाळ हलतंय का विचारत होतीस."

"हो."

"मी आले असते, मावशी."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"मी आले असते," ती पुन्हा म्हणाली. तिने फोन चटईवर ठेवला, भिंतीला धरून उठली आणि मोरीत जाऊन धुतलेलेच पेले धूत बसली. मी तिच्या मागे गेले नाही. मी तुझा शब्द पाळला तेव्हा तिची आईशी शेवटची भेट गेली, आणि मोडला तेव्हा तिचा माझ्यावरचा विश्वास गेला. तू मला कुठे नेऊन उभं केलंस ग? हा राग मी तुझ्यावरच काढणार, दुसऱ्या कुणावर काढू?

काल सकाळी चहा झाल्यावर ती आपणहून आली. चेहरा ओढलेला होता.

"किती वाजता जाणार तो?"

"दुपारी. शाळेच्या सुट्टीत आला होता."

"आई असती तर ठेवू दिला नसता."

"नसता."

ती भिंतीला टेकून बसली. बाळाने लाथ मारली असावी, तिचा हात पोटावर गेला. मग म्हणाली, "ठेव. तिला नको असेल तर तिनं यावं नि पुसावा."

मी तुझ्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि 'ठेवा' केलं.

फळीवर तुझा फोन टिंग करून उजळला. नंदाने एक मेसेज ठेवला आहे, असं माझ्या नावाने काहीसं त्यावर आलं असणार, आम्ही जवळ जाऊन वाचलं नाही. भाऊजी बाहेरून दारात आले. "कुनाचा आला?"

"माझाच," मी म्हटलं.

श्वेता माझ्या फोनकडे बघत होती, मी तुझ्या. तुला कधीच वेळ लागायचा नाही. सुई हातात असली तरी ती ठेवून तू नाही म्हणायचीस. आम्ही थांबलो. तुझ्या फोनवरचा उजेड आपोआप मालवला, तरी थांबलो. मग डब्याच्या सुट्टीची वेळही टळून गेली आणि तुझा मेसेज होता तिथेच होता.

ताई, तुला अग्नी दिला तेव्हा मी तिथे होते. जलदानाला होते. पण तू गेलीस हे मला काल कळलं, तुझा नकार आला नाही तेव्हा.